मागचं पान

काल तिन्हीसांजेला डिचोलीहून एक पोरगा आला,
काळा कोट स्कूटरच्या डिकीत, बगलेत हेल्मेट.
म्हणाला, काका, कुलासो मॅडमचं नाव
हायकोर्टासाठी सुचवलंय. चौदा महिने झाले,
दिल्लीत कुठल्या टेबलावर अडलंय कळत नाही.
बार असोसिएशन निवेदन पाठवतंय.
जुन्या पक्षकारांच्या सह्या हव्यात.

यादी कुणी केली, मी विचारलं.
फायलींवरनं, तो म्हणाला.
म्हणजे माझी फाईल यानं उघडलेली नाही.

कागद छापील होता.
निष्कलंक चारित्र्य. गाढा व्यासंग.
आमच्याकडे हे शब्द माणूस गेल्यावर काढतात,
फोटोखाली छापायला.

चहा येईपर्यंत त्याला सांगितलं नाही,
मग सांगितलं.

सालेलीच्या वरचा काजूचा उतार.
आजोबांच्या नावचा आफ्रामेंताचा कागद,
पोर्तुगीज शिक्का, एक कोपरा वाळवीनं नेलेला.
समोर जानू झोरे, धनगर,
त्याच्याकडे कागद नाही, झोपडी आणि गुरं तेवढी.
वकील होता, पण तारखेला असायचाच असं नाही.
दावा आमच्या खिशात होता.

आदल्या सोमवारी एल्विराबाईंनी ऑफिसात
भिंग घेऊन तो कागद उलटा केला.
जांभळ्या शाईत चार ओळी, साल चोपन्न,
कुणा अधिकाऱ्याचं किरटं अक्षर:
वरचा अर्धा भाग यात धरू नये,
तिथं आधीपासून धनगरांची वस्ती आहे.
चष्मा काढून बाई म्हणाल्या,
विचारलं तर मी सांगणार.
मी मनात म्हटलं, विचारतोय कोण?
साठ वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

आणि न्यायाधीशांनी तरी विचारलं कुठे!
जेवायची वेळ झालेली, घड्याळाकडे बघत
ते नुसतं म्हणाले, एवढंच ना?
हो म्हणायचं होतं.
एक अक्षर. मान हलवली असती तरी भागलं असतं.

बाई म्हणाल्या, नाही. मागंही लिहिलंय.

वरचा अर्धा गेला.
मी बाकीच्या फायली उचलल्या, म्हापशाच्या वकिलाला दिल्या.
बायको म्हणाली, ती तुमची वकील होती की जानूची?
हे वाक्य मी पुढं अकरा वर्षं
लग्नात, बारशाला, तवेर्नात माझं म्हणून वापरलं.
एकदा शुक्रवारच्या बाजारात बाई समोर आल्या,
गुडघा कसा आहे म्हणाल्या.
मी मिरच्यांचा भाव विचारत राहिलो.

पोरगा कागदाची घडी घालायला लागला.
थांब, म्हटलं.

कायद्यातलं मला काही कळत नाही.
व्यासंग गाढा की पातळ, ते तुम्ही बघा.
मला एवढंच ठाऊक आहे,
त्या दिवशी त्या खोलीत पंधरावीस माणसं होती,
पानाला मागची बाजू आहे
हे दोघांनाच माहीत होतं.
त्यातली एक बोलली.
दुसरा मी.

राग गेलाय असं समजू नकोस.
मार्चात त्या वाटेनं बस जाते,
वरच्या अंगानं पिकल्या बोंडूंचा वास येतो,
जानूची नातवंडं खाली वाकून बिया वेचत असतात,
आणि माझ्या दातांखाली अजून खडा येतो.
येऊ दे. सहीच्या आड तो येत नाही.
उद्या माझ्या मुलाला कुणी कोर्टात ओढलं
तर वर कोण बसलेलं हवं,
याचं उत्तर मला त्या खड्यासकट देता येतं.

पेन दे, म्हटलं.
सहीला जागा होती जेमतेम बोटभर.
मी कागद उलटला
आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं,
जानूचं नाव, शाईचा रंग, घड्याळात वाजलेला एक,
खाली सही, गाव, तारीख.

पोरगा निघाला तेव्हा
अंगणातनं त्याला पुन्हा हाक मारली,
झेरॉक्स काढशील ती
दोन्ही बाजूंची काढ.